नव्या बेस माल्टची पारख: घरी बिअर करणाऱ्या नवख्यांसाठी

बिअरला लागणाऱ्या धान्यात निम्म्याहून जास्त वाटा एकाच माल्टचा असतो, साध्या बिअरमध्ये तर सगळाच. त्याला बेस माल्ट म्हणतात. साखर त्यातूनच येते, पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्सही त्याचीच आणि ग्लासावरचा फेस धरून ठेवणारी प्रथिनंही त्याचीच. तरीही नवखा माणूस हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) दहा जाती तोंडपाठ करतो आणि माल्टच्या पिशवीवर नुसतं ‘टू-रो’ (म्हणजे दोन ओळींच्या कणसाचा जव) लिहिलेलं असलं तरी बिनदिक्कत घेऊन येतो. मग कधीतरी दुकानदार एखाद्या नव्या जातीच्या जवाचा माल्ट हातात ठेवतो, ‘हा वापरून बघा’ म्हणतो, आणि प्रश्न पडतो की बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

आधी कायद्याचं. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यामुळे घरात स्वतःपुरती बिअर करता येते. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात. मिसिसिपी आणि अलाबामात परवानगी मिळायला २०१३ साल उजाडलं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते पातेलंभर का असेना. म्हणून हा लेख पोर्टलंड, न्यू जर्सी, मँचेस्टर इथल्या आपल्या मंडळींसाठी. पुण्यात बसून वाचणाऱ्यांना यातली गरम काढ्याची पायरी तेवढी बिनधोक करता येईल, कारण त्यात आंबवणं नाही.

माल्ट म्हणजे काय हे मराठी घरात फार समजावून सांगावं लागत नाही. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, दळतो. मोड आलेल्या नाचणीची खीर साध्या नाचणीपेक्षा पातळ होते, कारण मोडाबरोबर तयार झालेलं अमायलेज पिष्ट तोडतं. जवाचंही तेच. फरक शेवटी आहे: माल्ट करणारे मोड आलेला जव भट्टीत गरम हवेवर वाळवतात, आणि तिथल्या तापमानावर रंग व खमंगपणा ठरतो.

भट्टीची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पारख करताना पहिली गफलत तिथेच होते. फिकट पिल्सनर माल्ट आणि जास्त भाजलेला पेल एल माल्ट शेजारी ठेवून ‘जातीतला फरक कळला’ म्हणण्यात अर्थ नाही. तो फरक भाजण्याचा असतो.

मग जातीचा फरक चवीत उतरतो का? बरीच वर्षं बिअर उद्योगात उत्तर ‘फारसा नाही’ असंच होतं. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत पॅट्रिक हेज यांच्या गटाने हा प्रश्न धसाला लावला. त्यांनी स्वतःची ‘फुल पिंट’ ही जात आणि स्कॉटलंडची जुनी ‘गोल्डन प्रॉमिस’ यांचा संकर केला, त्यातून निघालेले वाण ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस, लेबनन आणि मद्रास या तीन ठिकाणी पिकवले, प्रत्येकाचा थोडाथोडा माल्ट केला, बिअर केली आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांपुढे ठेवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात गोल्डन प्रॉमिसच्या बिअरला फळं, फुलं आणि गवताच्या वासाचे गुण जास्त मिळाले, तर फुल पिंटच्या बिअरला माल्ट, टॉफी आणि टोस्टचे. (मद्रास हे तिथल्या गावाचंच नाव. आपल्याकडच्या मद्रासी कापडावरून पडलं असं सांगतात.) फरक होता, पण बारीक होता. आणि बारीक फरक घरच्या ओट्यावर पकडायचा तर शिस्त हवी.

पुढचं उदाहरण फुल पिंटच्या पेल माल्टचं धरतो. तुमच्याकडे दुसरा कुठला असेल तर तो घ्या, रीत तीच.

१. सोबतीला ओळखीचा माल्ट घ्या

नवा माल्ट एकटा चाखून काही कळत नाही. जो तुम्ही अनेकदा वापरलाय असा एक माल्ट शेजारी हवा, आणि रंगाने तो नव्याच्या जवळचा हवा. नवा ३ लोव्हीबाँडचा (हे रंगाचं माप) असेल तर जुनाही अडीच ते साडेतीनच्या आतला घ्या. ब्रिटनमध्ये असाल तर मॅरिस ऑटर सोयीचा. केंब्रिजच्या प्लँट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटने १९६० च्या दशकात प्रॉक्टर आणि पायोनियर या जातींच्या संकरातून तो काढला, आणि आजही घरी बिअर करणाऱ्यांचा तो आवडता आहे. अमेरिकेत नेहमीचा टू-रो पेल चालेल. दोन्ही ताजे हवेत. एक गेल्या महिन्यातला आणि दुसरा गॅरेजमध्ये वर्षभर उघडा पडलेला असेल तर पारख जातीची होत नाही, शिळेपणाची होते.

२. लॉटचा कागद वाचा

प्रत्येक लॉटचं विश्लेषण माल्ट करणाऱ्याकडे असतं. बऱ्याच जणांच्या संकेतस्थळावर लॉट नंबर टाकून मिळतं, नाहीतर मागून घ्या. त्यात वीसेक आकडे असतात. नवख्याने यांवर नजर टाकली तरी पुरे.

बारीक भरडीचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टमधून पाण्यात उतरणारा भाग, कोरड्या वजनावर: ८० टक्के किंवा वर असावा. ओलावा ५ टक्क्यांच्या आत. प्रथिनं साधारण ९ ते १२ टक्के. त्याहून जास्त असतील तर बिअर गढूळ राहण्याची शक्यता वाढते. विरघळलेल्या प्रथिनांचं एकूण प्रथिनांशी प्रमाण, ज्याला कोल्बाख निर्देशांक म्हणतात, ३६ ते ४५ च्या दरम्यान असेल तर मोड व्यवस्थित आलेत असं समजा, म्हणजे एकाच तापमानाचा साधा मॅश (भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवणं) चालेल. बीटा-ग्लुकन दीडशे पीपीएमच्या वर गेलं की मॅश चिकट होतो आणि गाळताना जीव मेटाकुटीला येतो.

राहिली डायस्टॅटिक पॉवर, म्हणजे पिष्ट तोडायची ताकद. अमेरिकी टू-रोमध्ये ती १२० लिंटनरच्या पुढे असते, ब्रिटिश माल्टमध्ये बऱ्याचदा निम्मीच. घाबरू नका. स्वतःपुरतं पिष्ट तोडायला ३५-४० पुरतात. जास्तीची ताकद मका-तांदूळ घालणाऱ्यांना लागते, तुम्हाला या चाचणीत नाही.

३. दाणा हातात घ्या, मग दाताखाली

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. मला सगळ्यात जास्त हीच आवडते. एका पांढऱ्या बशीत दोन्ही माल्टचे मूठ-मूठ दाणे पसरा. आकार सारखा आहे का, बारीक कुचके दाणे किती, तुटके किती, फोलपटं सुटली आहेत का, ते बघा. मग एक दाणा नखाने किंवा ब्लेडने लांबीत उभा चिरा. पाठीच्या बाजूने, फोलपटाखाली, कोंबाची बारीक फिकट दोरी दिसेल. दाण्याच्या पाऊण लांबीपासून पूर्ण लांबीपर्यंत ती पोहोचलेली असावी. प्रत्येकाचे दहा-पंधरा दाणे असे बघा. निम्मे पूर्ण आणि निम्मे अर्धवट दिसले, तर मोड एकसारखे आलेले नाहीत आणि मॅशमध्ये त्याची किंमत मोजावी लागणार.

आता चावा. चांगला दाणा कट्कन फुटतो आणि आत पिठूळ असतो, जिभेवर गोडसर होऊन विरघळतो. एक टोक काचेसारखं कडक लागलं तर तिथे पिष्ट मोकळं झालेलं नाही. ‘सिरियल’, ‘ब्रेडी’ हे छापील शब्द आठवत बसू नका. भाजलेल्या पोळीचा पापुद्रा, कच्ची कणीक, भाजके शेंगदाणे, राजगिरा, काकवी, वाळलेलं गवत, जे खरंच आठवेल ते लिहा. तुमच्या जिभेला ओळखीचा शब्द पुढच्या वेळी परत सापडतो, उसना शब्द सापडत नाही.

४. गरम काढा

बिअर न करता माल्टची चव बघायची ही रीत ब्रीस या माल्ट कंपनीने बसवली आणि नंतर अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रूइंग केमिस्ट्सच्या चाचण्यांमध्ये ती घेतली गेली. ५० ग्रॅम माल्ट कॉफी ग्राइंडरमध्ये पिठासारखा दळा. थर्मासमध्ये ६५ अंश सेल्सिअसचं ४०० मिलिलिटर पाणी आणि हे पीठ घाला, वीसेक सेकंद हलवा, १५ मिनिटं ठेवा. परत हलवून कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. पहिलं गढूळ पाणी पुन्हा त्याच फिल्टरवर ओता. खाली उतरेल तो गोड, सोनेरी काढा. कोमट झाला की दोन्ही माल्टचे काढे शेजारी ठेवून आधी वास घ्या, मग चाखा. त्याच दिवशी, तीन-चार तासांत. फ्रिजमध्ये ठेवून उद्यावर ढकलू नका.

दोन माल्टना मिळून खर्च १०० ग्रॅम धान्य आणि अर्धा तास. काढ्यातच माल्ट आवडला नाही तर पुढची खटपट वाचली. मात्र काढ्यात आवडला म्हणून बिअरमध्ये आवडेलच असंही नाही, कारण यीस्ट ही सगळी गोडी खाऊन टाकतं आणि मागे जे उरतं ती बिअर.

५. दोन पातेली, एकच बिअर

इथे मोह आवरायचा. भारी हॉप्स नकोत, रंग-गोडीसाठीचा क्रिस्टल माल्ट नको, संत्र्याची साल नको. मुद्दाम कंटाळवाणी बिअर करायची आहे: एक माल्ट, एक हॉप, सौम्य यीस्ट. पाच गॅलनचा घाणा कशाला? दोन छोटे घाणे शेजारी शेजारी, एकाच दिवशी.

प्रत्येक पातेल्याला १ किलो माल्ट आणि ७.७ लिटर पाणी. साडेपंधरा लिटर पाणी एकाच बादलीत घ्या आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन घालवायला कॅम्पडेनची पाव गोळी चुरून टाका. मग दोन पातेल्यांत वाटा. पोर्टलंडसारखं मऊ पाणी असेल तर प्रत्येक पातेल्यात कॅल्शियम क्लोराइड आणि जिप्सम एकेक ग्रॅम, दोन्हीकडे सारखं. कडक पाण्याच्या गावात असाल तर आरओचं पाणी घेऊन त्यात हेच क्षार घाला.

भरडण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘नवा माल्ट कमी साखर देतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा गिरणी असते. रोलरमधली फट साधारण १ मिलिमीटर हे सुरुवातीला ठीक. पण जुन्या माल्टच्या टपोऱ्या दाण्यांसाठी लावलेल्या फटीतून नव्याचे बारीक दाणे अख्खेच निसटतात. भरडलेला मूठभर माल्ट बशीत पसरा. फोलपटं बरीचशी अख्खी, आतला भाग रव्या-कण्यांसारखा, आणि एकही दाणा शाबूत नाही, असं दिसायला हवं. फटीचा आकडा दोन्हींना सारखा हवा असा हट्ट नको, भरड सारखी दिसायला हवी. दुकानातून भरडून आणणार असाल तर दोन्ही माल्ट त्याच दिवशी, त्याच गिरणीवर भरडून घ्या आणि भरड तिथेच बघा.

पाणी ६९-७० अंशांवर आणा, कापडी पिशवी लावा, भरड हळूहळू घालत गुठळ्या मोडा. तापमान ६७ च्या आसपास स्थिरावेल. पातेल्यांवर झाकण आणि वर जाड टॉवेल, तासभर. दहा मिनिटांनी चमचाभर वर्ट, म्हणजे मॅशमधलं गोड पाणी, काढून थंड करा आणि पीएच बघा. ५.२ ते ५.६ मध्ये असावा. जास्त असेल तर लॅक्टिक आम्लाचे थेंब, पण किती घातले ते टिपून ठेवा, कारण दोन माल्टना वेगवेगळे लागू शकतात आणि तीही माहितीच आहे.

तासाभराने शाळेतली आयोडिनची चाचणी. पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब, त्यात आयोडिनचा थेंब. निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. थेंबात फोलपट येऊ देऊ नका, ते नेहमीच काळं पडतं. हा थेंब पातेल्यात परत टाकायचा नाही.

पिशवी उचला, निथळू द्या, दोन्ही सारख्याच पिळा. चोथा साधारण लिटरभर पाणी पितो. (हॉप्स अजून पडलेले नाहीत, त्यामुळे हा चोथा वाळवून, बारीक दळून थालीपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळता येतो. मूठभरच, फोलपट घशाला टोचतं.) आता मोजमाप. समजा, ६.७ लिटर वर्ट मिळाला आणि २० अंशांपर्यंत थंड केलेल्या नमुन्याची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०३२ आली. त्यातले ३२ म्हणजे पॉइंट. ६.७ गुणिले ३२ म्हणजे सुमारे २१४ पॉइंट. कागदावरचा एक्स्ट्रॅक्ट ८० टक्के आणि ओलावा ४ टक्के असेल तर एका किलोतून जास्तीत जास्त ३८४ (किलोभर शुद्ध साखरेचे पॉइंट) गुणिले ०.८० गुणिले ०.९६, म्हणजे २९५ पॉइंट निघू शकतात. २१४ भागिले २९५, म्हणजे ७३ टक्के. दोन्ही पातेल्यांचा हा आकडा काढा. दोनतीन टक्क्यांचा फरक मोजण्यातलाच समजा. दहाचा आला तर पुन्हा भरडीकडे बघा.

उकळी तासभर. सुरुवातीलाच मॅग्नमसारखे स्वच्छ कडवटपणाचे हॉप्स: १२ टक्के अल्फाचे (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे) साडेतीन ग्रॅम, त्यातून वीस-बावीस आयबीयू (कडवटपणाचं माप) मिळतात. वजन दागिन्यांच्या छोट्या काट्यावर करा, इथे अर्धा ग्रॅमही कळतो. शेवटी वासाचे हॉप्स घालायचे नाहीत. माल्ट फार फिकट, पिल्सनर धाटणीचा असेल तर नव्वद मिनिटं उकळा आणि झाकण ठेवू नका, नाहीतर डीएमएस या गंधकाच्या संयुगामुळे शिजलेल्या मक्याचा वास राहतो. उकळून झाल्यावर ग्रॅव्हिटी दोन्हीकडे सारखी नसेल तर जास्त असलेल्यात उकळलेलं पाणी घालून बरोबरीला आणा. ही तडजोड नव्हे, गरज आहे. नाहीतर चाखणारा माल्ट ओळखत नाही, दाटपणा ओळखतो.

थंड करून साका मागे ठेवा आणि साडेचार-साडेचार लिटर वर्ट दोन छोट्या झाकणाच्या बादल्यांत ओता. उकळीनंतर वर्टला लागणारं प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं. एकाच पाकिटातलं सुकं एल यीस्ट, उदाहरणार्थ यूएस-०५, दोन्हीकडे तीन-तीन ग्रॅम. दोन्ही बादल्या शेजारी शेजारी, १८ ते २० अंशांत. एक खिडकीपाशी आणि एक कपाटात ठेवली तर पुढची चाखणी वाया.

६. बाटलीत भरणं

दहा ते चौदा दिवसांत आंबणं संपतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी तीच आली तरच बाटल्या भरा, नाहीतर बाटल्या फुटतात. शेवटची ग्रॅव्हिटी टिपून ठेवा. सुरुवात, मॅशचं तापमान आणि यीस्ट सारखं असून नवा माल्ट १.०१४ वर थांबला आणि जुना १.००९ वर गेला, तर नव्यात न आंबणारी साखर जास्त आहे. पुढच्या वेळी एक-दोन अंश कमी तापमानाला मॅश करावा लागेल. वायूसाठी साधी साखर लिटरमागे ६ ग्रॅम, मग दोन आठवडे खोलीच्या तापमानाला.

७. डोळे झाकून चाखणं

आता खरी परीक्षा, आणि ती माल्टपेक्षा तुमचीच. महिनाभर राबलेल्या माणसाला फरक दिसणारच, नसला तरी. म्हणून त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकापुढे तीन अपारदर्शक कप, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी. निम्म्या लोकांना जुनीचे दोन कप, निम्म्यांना नवीचे दोन. कपांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. तापमान आणि माप सारखं, कपांवर तीन आकडी अंक, आणि ओतणारा चाखणाऱ्यांत नसावा. प्रश्न एकच: वेगळा कप कोणता? ‘आवडला कोणता’ हे नंतर, तेही ज्यांनी वेगळा कप बरोबर ओळखला त्यांनाच. गप्पा बंद. एकाने ‘टॉफी’ म्हटलं की सगळ्या टेबलाला टॉफी लागायला लागते.

नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. त्यामुळे ६ जणांत ५, ९ जणांत ६, १२ जणांत ८ आणि २४ जणांत १३ जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा धरायचा. गणपतीला किंवा मंडळाच्या सहलीला जमलेले बारा जण मिळाले तर सोन्याहून पिवळं. सहलीला नेणार असाल तर घराबाहेर नेण्याचा तुमच्या राज्याचा नियम बघून घ्या. गणपतीत मात्र विसर्जनानंतरचा शनिवार धरा, घरातल्या वडीलधाऱ्यांचा रोष नको.

बारांपैकी आठांनी नाही, पाचांनीच बरोबर ओळखलं? मग दोन्ही बिअरमधला फरक या चाखणीत सिद्ध झाला नाही, आणि या लॉटपुरता तरी नवा माल्ट जुन्याच्या जागी डोळे मिटून वापरता येईल. दोन्हींतला स्वस्त घ्या, किंवा जवळच्या शेतातला हवा असेल तर तो. आठ किंवा जास्त जणांनी बरोबर ओळखलं तर त्याच माल्टचा दुसरा लॉट, शक्य तर पुढच्या हंगामाचा, मागवून काढ्याची पायरी परत करा. जव शेवटी शेतातलं पीक आहे, पाऊस-पाणी बदललं की प्रथिनं बदलतात. दोन लॉटमध्ये तीच चव सापडली की मग पंचवीस किलोचं पोतं आणायला हरकत नाही. ते हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा, आणि डब्यावर लॉट नंबर लिहायला विसरू नका.